आयडाहोतलं माझं नाव

१६ मार्च

आयडाहोला शेणाचा वास येतो. हे नदीनला कळवायचं नाही. धाकटी बहीण असून ती माझी आई असल्यासारखी वागते, आणि आत्ता सॅन होजेत बसून माझ्या परत येण्याची वाट बघतेय. निघताना म्हणाली, "कोरीन, रोजच्या रोज लिहून ठेव. तिकडे काय बरं, इकडे काय बरं. खोटं लिहायचं नाही. वर्षानं बघू कोण जिंकतं."

तर खरं खरं लिहिते. घर लहान, पांढरं, डनफर्ड गावाच्या अगदी टोकाला. मागे अंगण आणि अंगणाला लागून पाटाचा बांध. पाट कोरडा आहे, हिवाळाभर पाणी बंद असतं म्हणे. घटस्फोटात वाट्याला आलेल्या पैशांत कॅलिफोर्नियात मला गाडी ठेवायची शेडसुद्धा मिळाली नसती. इथे दोन खोल्या झोपायला, आणि खिडकीतून बर्फाचे डोंगर. जंगलांच्या वणव्याचा धूर नाही. पहिला गुण आयडाहोला.

पेट्रोल भरायला थांबले तेव्हा गल्ल्यावरच्या माणसानं गाडीची नंबरप्लेट पाहिली. "कॅलिफोर्निया," म्हणाला, एखाद्या दुखण्याचं नाव घ्यावं तसा. मग कार्ड परत देताना, "आलात ते आलात. येताना दार लावून घेतलंत ना? तुमच्यामागून आणखी येतील."

मी हसले. तो हसला नाही.

२५ मार्च

गाडीच्या धुळीत कुणीतरी बोटानं लिहून गेलंय, 'परत जा'. अक्षर मात्र सुरेख. दवाखान्याचं फोनवरचं काम इथूनही तसंच चालू आहे. दातांच्या डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटा मी सॅन होजेच्या खुर्चीत बसून देते की आयडाहोच्या, हे ज्याची दाढ दुखतेय त्याला काय कळणार? दिवसभर अनोळखी लोकांशी गोड बोलायचं, आणि संध्याकाळी बोलायला कुणी नाही.

पण हे तिकडेही होतंच. तिकडे समोरच्या घरातल्या बाईला माझं नाव कधीच माहीत झालं नाही. माझी कचऱ्याची पेटी चुकून तिच्या दारात गेली की ती 'हॅलो, शेजारीण' म्हणायची. बरोबरी.

३ एप्रिल

दुपारी दार वाजलं. एक म्हातारी, पांढऱ्या केसांचा अंबाडा, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काचेचं भांडं. मी हात पुढे केले तर तिनं भांडं दिलं नाही. आधी गाडीच्या नंबरप्लेटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"केस कापलेस," म्हणाली.

"मी?"

"आणि वाळलीस किती. कॅलिफोर्नियात जेवायला घालत नव्हते का?" असं म्हणून ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि भांडं ओव्हनमध्ये ठेवून माझ्या खुर्चीत बसली. मी जेवते का ते बघत.

मागोमाग तिचा नवरा आला. व्हर्ल सोरेन्सन, उंच, जरा पोक आलेला, टोपी हातात. बायकोचं नाव आर्डिथ. तिला त्यांच्या दारापर्यंत सोडून तो परत आला आणि पायरीवर उभा राहूनच बोलला. आत या म्हटलं तरी आला नाही.

"आमची मुलगी. लावॉन. विशी-बाविशीची होती तेव्हा कॅलिफोर्नियाला निघून गेली. तिकडचं जगणं चांगलं म्हणायची. ऊन, समुद्र, नोकऱ्या. इथे काय, बटाटे आणि वारा. डेलनं स्वतः तिला बसपाशी सोडलं. डेल किंबर, तिचं त्याच्याशीच ठरलेलं. आता या पाटाचा पाटकरी आहे तो. तर ती गेली. त्यानंतर पत्र नाही, फोन नाही. पोलीस म्हणाले, सज्ञान मुलगी आहे, तिची मर्जी."

"किती वर्षं झाली?"

"तुमच्या वयाची असेल ती आता." टोपी त्यानं दोन्ही हातांत फिरवली. "आर्डिथचं डोकं अलीकडे ठिकाणावर नसतं. ती इतकी वर्षं कॅलिफोर्नियाच्या प्लेटची गाडी यायची वाट बघत होती, आणि तुम्ही आमच्या शेजारीच आणून लावलीत. तिनं हाक मारली तर... ओ द्याल का?"

"अहो, त्यात काय मोठं?" मी म्हटलं.

भांड्यात बटाटे, चीज आणि वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा. याला इकडे 'मयताचे बटाटे' म्हणतात, कुणी गेलं की त्या घरी हेच नेतात. नाव वाईट, चव फार छान. दोनदा वाढून घेतले.

१९ एप्रिल

पाटाला पाणी सुटलं. मला वाटलं होतं धो धो येईल. तसं नाही. आधी ओल सरपटत आली, मागून फेस, काटक्या, बाटल्या, मेलेला ससा, आणि मग मुकाट्यानं पाणी. बघायला मी बांधावर गेले तर अंगणातून आर्डिथ किंचाळली, "लावॉन! मागे हो! काठावरून मागे हो!"

पलीकडच्या बांधावर पाटकऱ्याची पिकअप होती. तो पाणी अडवायच्या लोखंडी दारापाशी फावड्यानं गाळ ओढत होता. हाक ऐकून त्यानं वर पाहिलं आणि फावडं त्याच्या हातून सुटलं. पाण्याबरोबर गेलं वाहत. मला हसूच आलं, मी हात केला. तो ना फावड्यामागे धावला, ना जागचा हलला.

"मी इतकी तिच्यासारखी दिसते?" मी नंतर व्हर्लना विचारलं.

"छे. अजिबात नाही," ते म्हणाले.

९ मे

गाडीला आयडाहोची प्लेट लावली. आर्डिथनं तिच्यावरून हात फिरवला. "आता कशी कायमची आलीस."

दुकानात गेले. दुकानदारीण ग्लेनिस, जिनं महिनाभर माझ्याशी हवेबद्दलही अवाक्षर काढलं नव्हतं, ती म्हणाली, "लावॉन, आईसाठी रूबार्बचे आंबट देठ बाजूला काढलेत, घेऊन जा."

मी मागे वळून बघितलं. आर्डिथ बरोबर नव्हती. मग हे कुणासाठी?

"मी कोरीन," मी म्हटलं.

"हो गं बाई, माहीत आहे." आणि तिनं आणखी एक जुडी पिशवीत घातली. "ही तुझ्या रूबार्ब-पायसाठी. तुला आवडतो."

मला रूबार्ब आवडतो की नाही हे मला आठवेना. तो गोड रूबार्ब-पाय भाजून बघितला. आवडला.

२१ जून

चर्चमध्ये सोरेन्सनांच्या बाकावर माझी जागा आहे, आर्डिथ आणि व्हर्लच्या मध्ये. मी काही धार्मिक नाही, पण गाणी बरी असतात. आज बाहेर पडताना एक जाडजूड बाई मला मिठी मारून रडायलाच लागली. "तू गेलीस तेव्हा आम्ही तुझ्याबद्दल काय काय बोललो गं. मीच सगळ्यात जास्त. मनात ठेवू नकोस."

"नाही ठेवलं," मी म्हटलं. काय बोलले होते देव जाणे. पण मी माफ केलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. माझी तरी कुणी कधी अशी माफी मागितली होती? माझ्या नवऱ्यानं मागितली होती?

आयडाहो कितीतरी पुढे आहे. आता मोजणं सोडलंय.

२८ जून

नदीनचा फोन. तिकडची भाडी, तिकडची रहदारी, तिकडचे रस्त्यावर तंबू ठोकून राहणारे लोक. आज मात्र ती स्वतःच सगळं सांगत होती आणि मी नुसती हो हो करत होते.

"तुझं काय चाललंय?" तिनं विचारलं.

"काही नाही गं, आईबरोबर चेरीचा मुरंबा केला."

"कोरीन, आईला जाऊन नऊ वर्षं झाली."

"शेजारच्या आई म्हणायचं होतं मला."

"तू त्या लोकांसारखी बोलायला लागली आहेस. हेल काढून. कधीतरी आरशात बघून स्वतःला नावानं हाक मार."

चेष्टा होती ती. पण फोन ठेवल्यावर मी खरंच न्हाणीघरात जाऊन आरशापुढे उभी राहिले. 'कोरीन' म्हटलं. काही विशेष वाटलं नाही. मग गंमत म्हणून दुसरं नाव घेतलं, आणि अंगणातून आर्डिथनं ओ दिली, "काय गं?"

खिडकी उघडी होती, म्हणून ऐकू गेलं असेल.

६ जुलै

आर्डिथनं लावॉनची खोली दाखवली. पलंगावर नवी चादर, खिडकीत ताजी फुलं. फोटोही आहे. गोल चेहरा, लहान नाक, दातांत फट. माझ्याशी एका गोष्टीत साम्य असेल तर शपथ. पलंगाखालून बूट काढून तिनं माझ्या पायात चढवले.

अगदी बरोबर झाले. इतकंच मला आवडलं नाही. बूट काढून ठेवले आणि घरी आले. मग सारखं वाटत राहिलं की जी बाई कॅलिफोर्नियाला चांगल्या आयुष्यासाठी गेली, ती मी तिथे असताना कुठेतरी माझ्या शेजारून गेलीही असेल. कुठल्या तरी दुकानाच्या रांगेत. मी तिचं नाव विचारलं नसेल.

११ ऑगस्ट

आज माझ्या बागेला पाणी घ्यायची पाळी. पाटाचं छोटं लोखंडी दार अडकलं होतं, म्हणून डेल किंबर आला. इतके महिने हा माणूस मला बघितलं की पिकअप वळवून नेत होता. साठीच्या आत, उन्हानं रापलेला, बोलणं कमी. दार मोकळं करून म्हणाला, "झालं, कोरीनबाई."

माझं नाव! मला भरूनच आलं. या गावात ते ऐकलंच नव्हतं किती दिवस.

"तुम्ही एकटेच मला कोरीन म्हणता," मी म्हटलं.

"कारण तुम्ही ती नाही."

"ते सगळ्यांनाच माहीत आहे हो. म्हातारीसाठी नाटक चाललंय."

"त्यांना माहीत नाही," तो म्हणाला. "त्यांना आशा आहे. मला माहीत आहे."

किती सरळ माणूस. ज्याचं लग्न ठरलेलं असताना मुलगी टाकून गेली, त्यानं खरं तर सगळ्यात जास्त खोटी आशा धरायची. तो धरत नाही. मी त्याला लिंबाचं सरबत दिलं. ते त्यानं उभ्यानं प्यायलं, पाण्याकडे पाठ करून.

२ सप्टेंबर

डेल हल्ली आठवड्यातून एकदा मला पिकअपमध्ये घालून पाटावर फिरवून आणतो. कुणाचं दार किती उघडायचं, कुठे घुशी बांध पोखरतात, सगळं दाखवतो. गावात कुजबुज आहे. ग्लेनिस डोळा मारून म्हणाली, "जुनं प्रेम हं, लावॉन." मी लाजले! आणि मग माझीच मला भीती वाटली, कारण लाजली ती कोण?

डेलबरोबर असताना मात्र मी मी असते. माझ्या घटस्फोटाचं, नदीनचं, सॅन होजेच्या धुराचं त्याला सांगते. कॅलिफोर्नियाबद्दल तो खूप विचारतो. समुद्र खरंच सगळीकडून दिसतो का? तिथे एखादी मुलगी एकटी आली तर तिला काम मिळतं का? राहायला जागा? सुखी होते का ती?

"काही होतात, काही नाही," मी म्हटलं. "बहुतेकींना परत यावंसं वाटतं."

यावर त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. त्याचे डोळे भरले होते. बिचारा अजून तिचाच विचार करतो.

एक गमतीची सवय आहे त्याला. गावाकडे वळणाऱ्या रस्त्याखाली जुनी मोरी आहे, तिथे आलो की तो इंजिन बंद करतो, टोपी काढतो, जरा थांबतो, मग टोपी घालून निघतो. दर वेळी. मी कारण विचारलं तर म्हणाला, "इंजिन तापतं."

टोपी का काढायची मग? असेल काही श्रद्धा.

२६ सप्टेंबर

पाटाच्या सभेला व्हर्लबरोबर गेले. पाणी बंद झालं की जुनी मोरी उखडून नवी घालायची असं घाटत आहे. सगळे हो म्हणाले, एकटा डेल विरुद्ध. म्हणे ती आणखी पन्नास वर्षं टिकेल, उगाच खर्च. जो माणूस वर्षभर तिच्या गळतीबद्दल तक्रार करतो, तोच. शेवटी विषय पुढच्या वर्षावर गेला. पुरुष माणसांना जुन्या गोष्टींचा लळा असतो.

८ ऑक्टोबर

काल सोरेन्सनांकडे जेवायला होते. भाजलेलं मांस, गाजरं, लोणी लावून पाव. बाहेर साखरेच्या बीटाचे ट्रक सारखे जात होते आणि साखर कारखान्याचा तो कुजका गोड वास. मी गप्पांच्या भरात डेलच्या सवयीची नक्कल करून दाखवली. इंजिन बंद, टोपी छातीशी, मान खाली. "काय हो, त्या मोरीखाली कुणाला पुरलंय की काय?" म्हटलं आणि मीच हसले.

व्हर्लचा काटा हवेतच राहिला.

"दर वेळी काढतो?" त्यांनी विचारलं.

"दर वेळी."

"कधी बसवली ती मोरी, आठवतं तुला, आर्डिथ?"

"लावॉन गेली त्या वसंतात," आर्डिथ म्हणाली. तिला कालचं आठवत नाही, पण हे लगेच आठवलं. "पाणी सुटायच्या आधी. डेल कामावर होता ना तिथे. तू त्याला डबा घेऊन गेली होतीस, लावॉन."

व्हर्ल उठून बाहेर गेले. जेवणानंतरचं गोड वाढलं तरी आले नाहीत. प्रकृती बरी नसावी.

१० ऑक्टोबर

व्हर्ल कालपासून पाटाच्या कचेरीत जाऊन बसतात, मग पोलिसांकडे. मला कुणी काही सांगत नाही. डेलला फोन केला, त्यानं उचलला नाही. माझ्या तोंडून काही चुकीचं गेलं का? काय गेलं?

आत्ता, हे लिहिताना, कळलं.

नाही. असं नसेल. तो मला कोरीन म्हणतो.

१७ ऑक्टोबर

परवा पाणी बंद झालं. आज सकाळी मोरी खणायला घेतली. सगळं गाव बांधावर होतं. पाटाच्या तळाशी डबक्यांत मासे तडफडत होते आणि वरून पक्षी उतरत होते. व्हर्ल काठावर घडीच्या खुर्चीत बसले होते. आर्डिथला मी हाताला धरून ठेवलं होतं. तिला वाटत होतं, नवं काम बघायला आलोय.

दुपारपर्यंत काही निघालं नाही. पोलीस आवराआवर करायच्या बेतात होते. तेव्हा डेलची पिकअप आली. त्यानं इंजिन बंद केलं, टोपी काढली, उतरून खड्ड्याच्या काठाशी आला. कुणी अडवलं नाही. खाली यंत्रावर बसलेल्या माणसाला तो अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, पाळीचं पाणी सांगतो तशा, "जरा डावीकडे घे. आणि सावकाश."

मग तो चिखलात बसला.

माझ्याकडे त्यानं एकदाच बघितलं. "कोरीनबाई," म्हणाला, "म्हातारीला घेऊन जा इथून."

मी घेऊन गेले.

१९ ऑक्टोबर

तो म्हणतो, भांडण झालं. ती डब्याबरोबर बॅगही घेऊनच आली होती, त्याला सांगायला. इथे आयुष्य नाही, तिकडे आहे, तूही चल. तो नाही म्हणाला, बॅग ओढली, ती सिमेंटच्या कडेवर पडली. पडली की पाडली, हे त्याचं त्याला ठाऊक. संध्याकाळी त्यानंच तिच्यावर माती ओढली आणि रात्री तिच्या आईबापांना येऊन सांगितलं की तिला बसमध्ये बसवून दिलं. ती आयडाहो सोडून गेलीच नव्हती. सगळं गाव इतकी वर्षं कॅलिफोर्नियाला शिव्या देत राहिलं, आणि तिच्यावरूनच रोज पाणी वाहत होतं.

नदीन म्हणते, पहिल्या विमानानं ये. बरोबर आहे तिचं. सामान काढलंय. मला इथे नावानं ओळखणारा एकच माणूस होता, तो तुरुंगात आहे, आणि त्याला तिथे मी पाठवलं, एका विनोदानं. त्याची दया येते याची लाज वाटते. पण येते.

२४ ऑक्टोबर

लावॉनला आज पोचवलं. चर्च भरलं होतं. मी मागे बसणार होते, पण आर्डिथनं हाक मारली आणि सगळ्यांनी वाट करून दिली. त्यांच्यापैकी कुणी मला आज कुठल्याच नावानं बोलवलं नाही. ग्लेनिस माझ्याकडे बघायचं टाळत होती. शवपेटी अगदी लहान वाटत होती.

व्हर्ल पुढे टेकून बसले होते, हात तोंडावर. आर्डिथ माझा हात कुरवाळत गाणी म्हणत होती, सगळे शब्द पाठ. गाणं संपल्यावर तिनं पेटीकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी आली.

"कोण गेलं गं, लावॉन?"

व्हर्लनी ऐकलं. त्यांनी मान वळवली. मी काय सांगते याची ते वाट बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत होकार होता की विनवणी, मला कळलं नाही.

"एक बाई होती, आई," मी म्हटलं. "कॅलिफोर्नियाची. तुझ्या ओळखीची नाही."

"अगंबाई. इतक्या लांब येऊन?" तिनं माझा हात घट्ट धरला. "तिचं इथे कुणी होतं का?"

"नव्हतं," मी म्हटलं.

"मग आपण बसू या हं जरा तिच्यापाशी," आर्डिथ म्हणाली, आणि सगळे गेल्यावरही आम्ही बसून राहिलो.